एकही नकार नाही

“नकार किती?”

“एकही नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही, कुंदाताई. प्रत्येक घरानं दार उघडलं. पोरींना आत बोलावलं, पंखा लावला, चहा दिला. पाच वर्षं मी हेच करतोय, असं गाव बघितलं नाही.”

विलास करंदे आमच्या सोप्यात सतरंजीवर मांडी घालून बसला होता. मांडीवर फाईल. समोर भिंतीशी स्टुलावर माझ्या भावाचा फोटो, त्याला हार, पुढं तेलाचा दिवा. दिवा विझू द्यायचा नाही म्हणून घरातलं कुणी ना कुणी सारखं उठत होतं. मी उठले, तेल घातलं, परत येऊन बसले.

“मग काहीतरी चुकलंय,” मी म्हटलं.

“तुम्ही काही बदलला नाहीत,” विलास म्हणाला.

*

आधी माणसं सांगून टाकते, म्हणजे मध्येच थांबावं लागणार नाही.

दादा म्हणजे दिनकर शिंत्रे, माझा थोरला भाऊ. मांडवेगावच्या नगरपालिकेत दोनदा निवडून आलेला, शेवटी शेवटी पाणीपुरवठा सभापती. एका सकाळी दाढी करताना छातीत कळ आली आणि गेला. अर्धा गाल साबणाचा तसाच होता.

वहिनी म्हणजे हेमलता शिंत्रे, त्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गाव त्यांना बाई म्हणतं.

मी पुण्यात मतचाचण्या घेणाऱ्या एका कंपनीत होते. गावोगाव पोरं-पोरी पाठवायच्या, त्यांनी दारोदार जाऊन प्रश्न विचारायचे, आणि आलेली उत्तरं खरी धरावीत का ते मी बघायचं. विलास दोन वर्षं माझ्या हाताखाली होता. मग त्यानं कोल्हापुरात स्वतःचं दुकान काढलं. तात्यासाहेब मोहिरे म्हणजे तालुक्यातला पक्ष. दादा त्यांचा माणूस. आता दादाच्या प्रभागात कोण उभं राहणार हे ठरवायला त्यांनी विलासला पाहणी करायला सांगितली होती, आणि त्यांच्या मनात वहिनी होत्या.

सरकारी नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही. राजीनामा द्यावा लागतो, आणि राजीनामा दिला की आधीची सगळी नोकरी पाण्यात, पेन्शन नाही. वहिनींची अठरा वर्षं झाली होती. वीस भरली असती तर रीतसर निवृत्ती घेऊन पेन्शनसकट बाहेर पडता आलं असतं. मुलगी मृदुला बारावीला होती. दादानं जन्मभर राजकारण केलं आणि घर वहिनींच्या पगारावर चाललं, हे मी बहीण असूनही लिहिते.

दादा जाऊन नऊ दिवस झाले होते. अर्ज भरायची शेवटची तारीख नेमकी तेराव्याची होती. दुपारी तीनपर्यंत.

मोबाईल यायच्या आधीची गोष्ट आहे ही. आता पुढं.

*

मी विलासची उलटतपासणी घेतली. त्या घरात बसून दुसरं करण्यासारखंही काही नव्हतं.

“घरं कशी निवडली?”

“मतदारयादीतून, ठरावीक अंतर सोडून. मनाला येईल ते घर नाही.”

“घर बंद असलं तर शेजारी?”

“नाही. संध्याकाळी परत त्याच घरी. तुम्हीच शिकवलंत.”

“पोरी कुठल्या?”

“कोल्हापूरच्या कॉलेजातल्या. इथं ना ओळख ना पाळख.”

“कुणाच्या गाडीतून फिरल्या?”

“एस.टी.नं आल्या, पायी फिरल्या.”

“तात्यासाहेबांचा कुणी माणूस वाट दाखवायला होता?”

“सावलीलासुद्धा नव्हता.”

“बायकांना नवऱ्यासमोर विचारलं?”

“वेगळं बसवून.”

“प्रश्न वाच.”

त्यानं वाचला. तुमच्या प्रभागातून नगरसेवक म्हणून यापैकी कोणाला निवडून द्यावंसं वाटतं? चार नावं, आणि दर घरी त्यांचा क्रम वेगळा. शेवटी ‘यापैकी कोणी नाही’ आणि ‘सांगता येत नाही’. कुठं झुकतं माप नाही, कुठं शब्द पेरलेला नाही. इतकी स्वच्छ पाहणी मी स्वतः कधी केली नव्हती. मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता. मला फक्त दमल्यासारखं वाटलं.

“आणि आकडा?”

विलासनं फोटोकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “शंभरातले एकाहत्तर. वहिनी.”

“एकाहत्तर.”

“लाट आहे ताई. सहानुभूतीची. दुसऱ्या नंबरला अकरा.”

मी त्याच्या पोरींचा विचार करत होते. कुठल्याही गावात दहा दारं वाजवली की एक-दोन तोंडावर बंद होतात. कुणी म्हणतं वेळ नाही. कुणी म्हणतं, तुम्ही कोण विचारणारे? कुणी कुत्रं सोडतं. आणि मांडवेगाव काही देवाचं गाव नव्हतं, माझाच जन्म तिथला. त्या गावात पोस्टमनलासुद्धा दोनदा हाक मारावी लागायची. तिथं सगळी दारं उघडली होती. ती उघडणाऱ्यांनी पोरींना काय दिलं होतं? मत दिलं होतं की…

नाही. हा प्रश्न सूचक झाला. उत्तर आधीच आत घालून विचारलेला. तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं.

*

त्या दिवसांत सोप्यात बोलली गेलेली वाक्यं. कुठलं कुणाचं ते आता वेगळं काढता येत नाही.

“सोन्यासारखा माणूस.”

“हाक मारली की हजर. कधी वेळ बघितली न्हाई, काळ बघितला न्हाई.”

“असा सभापती पुन्हा व्हायचा नाही.”

“बाई, चूल पेटवायची नाही हं. भाकरी माझ्याकडची.”

“शब्दाचा पक्का.”

“त्याला पण चांगलीच माणसं लागतात वर.”

शेजारच्या गजराकाकूंनी गटारीवरून दादाला कोर्टात खेचलं होतं. त्या पितळेच्या डब्यातून पिठलं घेऊन आल्या, फोटोपुढं उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “माझ्या पाठच्या भावासारखा होता गं.”

“होता ना, काकू,” वहिनी म्हणाल्या.

मी पुण्याहून वर्षातून एकदा यायची, दोन दिवस राहायची, दादाशी भांडायची, परत जायची. ही वाक्यं ऐकताना वाटायचं, आपण आपल्या भावाला ओळखलंच नाही. आणि खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटायचं. नवं कुणी चप्पल काढून आत आलं की मी कान टवकारून बसायची.

वहिनी ऐकायच्या आणि जमिनीवरची फरशी बघायच्या. रडायच्या नाहीत. आलेल्या बायका त्यांना मोकळं करायला बघायच्या. “रड गं बाई, रडून घे.”

“हो,” वहिनी म्हणायच्या.

*

संध्याकाळी तात्यासाहेब आले. काठी, पांढरं धोतर, साखरेच्या आजारानं सुजलेली पावलं. फोटोला हात जोडले आणि खुर्चीत बसले ते धपकन. विलास उठून त्यांच्या मागं उभा राहिला. वहिनी माजघराच्या दारात, उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या.

“बाई, मी आग्रह करणार नाही,” तात्यासाहेब म्हणाले. “आग्रह हा आकडा करतोय. दिनकरनं लावलेलं झाड आहे. परक्याच्या हाती जायला नको.”

“हो.”

“राजीनामा त्या दिवशी सकाळी द्या. दुपारच्या आत मंजूर करून आणायचं माझ्यावर सोडा. वरचे साहेब आपलेच आहेत.”

“हो.”

“डमी म्हणून माझ्या पुतण्याचा अर्ज भरून ठेवतो. नुसता नावाला. तुमचा अर्ज मंजूर झाला की त्यानं काढून घ्यायचा.”

“हो.”

मला राहवेना. “तात्यासाहेब, आकड्याबद्दल माझी शंका आहे.”

“कुंदाबाई, तुमचं तर पोटच आकड्यांवर.”

“म्हणूनच.”

ते हसले. हसण्यात जीव नव्हता. “अहो, मला तरी कुठं कळतं कुणाच्या पोटात काय आहे? चाळीस वर्षं झाली. पाया पडतात आणि पाडतात, त्याच हातांनी. आकडा हातात असला की मला झोप लागते. बास. त्याच्या पलीकडं मी बघत नाही.”

“मला फाईल बघू दे.”

विलासनं दिली. मी पानं चाळत राहिले. तात्यासाहेब वहिनींना मृदुलाच्या अभ्यासाचं विचारत होते. फाईलमध्ये नेहमीचे प्रश्न होते. वय, शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं. मतदान केलं होतं का. टीव्ही आहे का. आणि मग एक प्रश्न, जो विलासनं मला वाचून दाखवलाच नव्हता.

“हा पाण्याचा कशाला घातलास?”

“तो भरतीचा. तात्यासाहेब म्हणाले, कामाबद्दलही एक असू दे.”

नळाच्या पाण्याबद्दल तुम्ही समाधानी आहात का? शंभरातले ब्याऐंशी समाधानी. त्यातले बरेच ‘पूर्ण समाधानी’.

मी तो आकडा दोनदा वाचला.

“वहिनी, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?”

“चौथ्या. आलं तर.”

“आणि होळीच्या आधी आपल्या दारात काय झालं होतं?”

तात्यासाहेबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“बायकांचा मोर्चा आला होता,” वहिनी म्हणाल्या. “मडकी फोडली. खापऱ्या मीच झाडल्या.”

“कुठल्या गल्लीतल्या बायका?”

“ह्याच. पुढची आळी, मागची आळी. सगळ्या.”

मी फाईल विलाससमोर धरली. “त्याच बायका. त्यांनी तुझ्या पोरींना सांगितलं की पाणी उत्तम आहे. विलास, मत खरं की खोटं ते आपल्याला मोजता येत नाही. पण पाणी मोजता येतं. ते चौथ्या दिवशी येतं. मग ह्या घरांनी तुझ्या पोरींना नेमकं काय सांगितलं?”

त्यानं आकड्यावर बोट ठेवून तो परत वाचला.

“पाणी कुणाच्या खात्याचं होतं?”

त्यानं फोटोकडं बघितलं. दिव्याकडं बघितलं. हुशार मुलगा होता, त्याला पुढं सांगावं लागलं नाही, पण मी सांगितलं, कारण तात्यासाहेब ऐकत होते. “ह्या घरात सुतक आहे. जिथं हा दिवा जळतोय त्या घराला ह्या गावात कुणी नाही म्हणत नाही. भांडण असलं तरी म्हणत नाही, गजराकाकूंना बघ. त्याच घराचं नाव घेऊन परगावच्या पोरी दारात आल्या. त्यांना हाकलायचं कसं? चहा दिला. पाणी चांगलं आहे म्हणून सांगितलं. बाईंचं नाव सांगितलं. लाट नाही ही. रीत आहे.”

“रीत तर रीत,” विलास म्हणाला. “मत मिळाल्याशी मतलब.”

“मतदान कधी आहे?”

“तेराव्यानंतर तीन आठवड्यांनी.”

“आणि सुतक?”

तो एकदम म्हणाला, “मी परत जातो. तेरावं झालं की त्याच घरी, तेच प्रश्न.”

“अर्ज तेराव्यालाच भरायचा आहे.”

म्हणजे ज्या दिवशी गाव खरं बोलायला लागणार होतं, त्या दिवशी विचारून काही उपयोग उरणार नव्हता. त्याच्या आधी कितीही वेळा विचारलं असतं, कोल्हापुराहून नाही तर दिल्लीहून पोरी आणल्या असत्या, तरी पंखा लागला असता आणि चहा आला असता.

तात्यासाहेबांनी लांब श्वास सोडला. त्यांना पटलं होतं की नाही, सांगता येत नाही. की त्यांना आधीपासून माहीत होतं? (हाही सूचक. सोडून देते.)

“मग काय म्हणता, बाई?” त्यांनी विचारलं.

“हो म्हटलं ना, तात्या,” वहिनी म्हणाल्या.

*

माजघरात वहिनी लोकांचे डबे लावत होत्या. हा गजराकाकूंचा, हा देशपांड्यांचा, ही परात माळ्याच्या आळीतली. मी दारात उभी राहिले.

“वहिनी, मी जे बोलले ते ऐकलंत ना?”

“ऐकलं की.”

“मग हो कशाला म्हणालात?”

“तुम्हाला काय वाटतं, वन्सं? काय करावं मी?”

“राजीनामा देऊ नका.”

“का?”

“पडाल म्हणून.”

“आणि पडणार नसते तर?”



वहिनींनी एका डब्याचं झाकण दुसऱ्याला लावून बघितलं. बसलं नाही. “त्या पोराला तुम्ही सगळं विचारलंत. पोरी कुठल्या, गाडी कुणाची. तुम्हीसुद्धा सुतकातच आहात की. तुमच्या भावाच्या जागी कुणी बसायला नकोय तुम्हाला. मी धरून.”

रागावून नाही म्हणाल्या. वर्गात एखाद्या पोराची बेरीज चुकली की बोट ठेवतात, तसं बोट ठेवलं आणि पुढच्या डब्याकडं वळल्या. मी म्हटलं, तसं नाही वहिनी. त्या म्हणाल्या, बरं. आणि तसंच होतं. नऊ दिवस सोन्यासारखा माणूस, सोन्यासारखा माणूस ऐकून मला त्याची खुर्ची फोटोसारखी हार घालून ठेवायची होती.

*

इथं मध्ये काही दिवस आहेत. त्यांत सांगण्यासारखं एकच. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. “काही इच्छा मागं राहिली नव्हती,” सगळे म्हणाले. एका कावळ्यावरून काढलेला निष्कर्ष. मी त्या वेळीही मनात एवढंच म्हटलं आणि ओल्या पायांनी परत आले.

वहिनींशी राजीनाम्याबद्दल बोलले नाही. दमले होते. तिथं सगळ्यांनाच हो म्हणायचं होतं तर म्हणू देत, असं वाटलं.

*

तेरावा. अंगणात मांडव, दोन पंगती. वहिनी पांढऱ्या सुती साडीत पंगतीतून फिरत होत्या, कुणाच्या पानात काय संपलं ते वाढप्यांना दाखवत होत्या.

अकराच्या सुमाराला तात्यासाहेबांची जीप आली. ड्रायव्हर दारात उभा राहून म्हणाला, “बाईंना बोलवलंय. राजीनाम्याचा कागद टाइप करून ठेवलाय, सही पायजे.”

“हो, आले. ही पंगत उठू दे,” वहिनी म्हणाल्या. “तू बस रे, जेवून घे.”

तो बसला.

मग फोन. मी घेतला. तात्यासाहेब तहसील कचेरीतून बोलत होते, मागं गलका होता. मी वहिनींना रिसीव्हर दिला. “हो. हो तात्या. निघालेच,” वहिनी म्हणाल्या आणि फोन खाली ठेवून आत गेल्या. आतून चटण्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या.

मग विलास आला, घामाघूम, बगलेत कागद. “वहिनी, राजीनामा इथंच आणलाय. सही करा, मी पळत जातो पंचायत समितीत. तिथून जीपनं तहसील. अजून वेळ आहे.”

“करते ना. तू जेवलास?”

“वहिनी…”

“तेराव्याच्या घरून उपाशी जाऊ नये. बस त्या कडेला. ह्याला पान मांडा गं.”

तो माझ्याकडं बघत बसला. मी खांदे उडवले. त्याच्या पानात बुंदीचा लाडू पडला. मग दुसरा पडला. दुसरी पंगत बसली. वहिनी सुनीता देशपांडेच्या सासूला विचारत होत्या, गुडघा कसा आहे. ती सांगत होती. बराच वेळ सांगत होती.

मला वाटलं, वहिनींचं भान सुटलंय. दुःखात होतं असं. आणि गंमत बघा, ज्या मी त्यांना राजीनामा देऊ नका म्हटलं होतं, तीच मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले आणि कानात म्हटलं, “वहिनी, पावणेतीन झाले.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. दमलेला, शांत, स्वच्छ चेहरा.

“हो,” म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं. विलासच्या फाईलमधले एकाहत्तर असेच म्हणाले होते.

मी मागं सरले. मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिले. विलास हात धुऊन आला, त्यानं मला विचारलं, “येतायत ना?” मी म्हटलं, “हो.”

*

साडेतीनला तात्यासाहेब स्वतः आले. लोक पांगले होते. खरकटं उचलणं चाललं होतं. ते आरडाओरडा करतील असं वाटलं होतं, पण ते येऊन खुर्चीत बसले आणि काठी गुडघ्यांत धरून मांडवाच्या कापडाकडं बघत राहिले.

“बाई,” शेवटी म्हणाले, “तुम्ही हो म्हणाला होतात.”

“मी ह्या तेरा दिवसांत कुणालाच नाही म्हटलं नाही, तात्या.”

विलास जमिनीकडं बघायला लागला. तात्यासाहेबांनी वहिनींकडं बघितलं, मग विझत आलेल्या दिव्याकडं. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

“पुतण्या पडणार आता,” ते म्हणाले. “गाढव आहे.” आणि थोड्या वेळानं, “मला वाढता का काही? सकाळपासून कचेरीत बसलोय.”

वहिनींनी स्वतः पान मांडलं. गोड वाढलं नाही, त्यांची साखर लक्षात ठेवून.

पुतण्या पडला. अनामत वाचली, एवढंच. विलास तीन आठवडे थांबला नाही. तेराव्यानंतर त्यानं स्वतःच्या खर्चानं दोन पोरी परत त्याच आळीत पाठवल्या, तेच प्रश्न घेऊन. त्याचं पत्र मला पुण्यात आलं. बरीच दारं उघडली नव्हती. त्या पत्रातली वाक्यं इथं लिहीत नाही. त्यातलं पहिलं वाक्य मी आधीच ऐकलं होतं. त्यासाठी पत्राच्या आधीच्या एका सकाळकडं मागं जाते.

*

चौदाव्या दिवशी वहिनी शाळेत निघाल्या. गजराकाकूंनी दारातून डोळे मोठे केले, विधवा बाई चौदाव्या दिवशी रस्त्यावर म्हणून. वहिनींनी छत्री घेतली, डबा घेतला. माझी एस.टी. दुपारची होती. मी म्हटलं, शाळेपर्यंत येते.

कोपऱ्यावर इलाही तांबोळ्याची पानाची टपरी. तिसऱ्या दिवशी हाच माणूस आमच्या सोप्यात येऊन बसला होता आणि टोपी हातात धरून रडला होता. “सभापती कसला, राजा होता,” म्हणाला होता. आज त्यानं चुना लावता लावता मान वर केली.

“बाई, शाळेत निघाला? बरं केलं.” मग ओल्या फडक्याला हात पुसले. “आन् राग मानू नका, पन उभ्या न्हाई राह्यला तेबी बरं केलं. आमच्या गल्लीतनं एक मत पडलं नसतं.”

“का हो, इलाहीभाई?”

“का म्हंजे? साहेबांनी ह्या टपरीच्या परवान्यासाठी मला तीन वर्षं हिंडवला. आज ये, उद्या ये. आन् शेवटी परवाना दिला कुनाला, तर स्वतःच्या साडूला! वर मला म्हनत्यात, इलाही, पुढच्या खेपेला तुझंच. मी आजबी बिनपरवान्याचाच बसतोय. शंभर जनांना हेच सांगत हुते. तोंडावर गोड, आन् पाठ फिरली की इसरले. घ्या, झालं बोलून. माझं मेलं तोंडच फाटकं.”

मी जागच्या जागी थांबले. तेरा दिवसांत माझ्या भावाबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं वाईट वाक्य होतं. माझ्या ओठांवर काय आलं होतं ते मला आठवतं, पण ते बाहेर पडायच्या आत वहिनींनी माझा दंड धरला.

“वहिनी, चला. मला ऐकवत नाही.”

“मला ऐकवतंय,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज वेगळा लागला. “तेरा दिवस घरात दुसऱ्याच कुणाचं तरी सुतक चाललंय असं वाटत होतं मला. सोन्याचा माणूस, शब्दाचा पक्का. कोण तो? माझ्या घरात नव्हता राहत. हे आत्ता जे बोलले ना, वन्सं, ते ह्यांच्याबद्दल बोलले.”

आणि भर रस्त्यात, हातात छत्री आणि डबा तसाच धरून, त्या रडायला लागल्या. आवाज करून, लहान मुलासारख्या. सायकलवाले थांबले. इलाहीभाई टपरीतून उतरून खाली आला, फडकं पिळत, घाबरलेला.

“बाई, चुकलं माझं. बाई, माफ करा. साहेब लई…”

“नाही, नाही,” वहिनी म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं. “तुम्ही बोला, इलाहीभाई. आणखी काय काय केलं त्यांनी?”